दोन एक्सरे, एकच ऑपरेशन

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. गुडघ्याबद्दल आहे. ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत त्यांनी तर जरूर वाचा, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझेही होते.

फुटपाथवरचा एक पेव्हर ब्लॉक निघालेला होता. पाय अडकला आणि मी सरळ उजव्या गुडघ्यावर आपटले. आवाज आला, तो अजून कानात आहे. उठायला गेले तर पाय खालून निघूनच गेला. रिक्षात बसून गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा मधोमध बोट जाईल एवढी खाच लागली. वाटी मधून आडवी तुटली होती.

डॉक्टरांनी एक्सरे बघायच्या आधी एकच गोष्ट करायला सांगितली, "पाय सरळ ठेवून वर उचला." मी मनातून उचलला, पाय जागचा हलला नाही. तुम्ही स्वतःच्या पायाला हुकूम देताय आणि तो ऐकतच नाहीये, हे दुखण्यापेक्षा भयंकर असतं. पण त्या एका चाचणीत निकाल लागतो. वाटी म्हणजे मांडीचा मोठा स्नायू आणि नडगीचं हाड यांना जोडणाऱ्या दोरीतली कप्पी समजा. ती आडवी तुटून तुकडे लांब गेले की दोरीच तुटली. वरचा तुकडा मांडी वर ओढून नेते, खालचा खालीच राहतो. अशी वाटी नुसत्या प्लास्टरनं नीट जुळत नाही, ऑपरेशन लागतं. तडा गेलाय पण तुकडे जागेवर आहेत आणि पाय उचलता येतोय, अशांचं पुष्कळदा ऑपरेशनशिवाय भागतं.

आता फुटपाथवर चार शब्द लिहायचा मोह होतोय, पण ते सगळेच लिहितात. गेल्या ऑक्टोबरात, २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. चांगलंच झालं. पण मला लिहायचंय ते पडण्याबद्दल नाही. पडल्यानंतर पुन्हा उठण्याबद्दल आहे. त्यावर आपल्याकडे कोणीच बोलत नाही, ना पेपर, ना पुढारी, ना विमा कंपनी.

दुसऱ्या दिवशी खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. ड्रिल, हातोडी, आणि शेवटी पक्कडीनं तार पिळल्याचा आवाज. नंतर एक्सरेत बघितलं, वाटीतून उभ्या गेलेल्या दोन सळया आणि त्यांच्या टोकांभोवती पुढच्या बाजूनं इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आवळलेली स्टीलची तार. याला टेन्शन बँड वायरिंग म्हणतात. वाटीचे बरेच तुकडे झाले असतील तर स्क्रू, प्लेट असले प्रकार असतात, पण आडव्या तुटलेल्या वाटीला ही तार म्हणजे जुनी, खात्रीची पद्धत.

या तारेची गंमत मला फिजिओथेरपीच्या मुलीनं समजावली. गुडघा वाकला की तुटलेले तुकडे पुढून उघडायला बघतात. तार त्यांना नेमकी पुढूनच धरून ठेवते, आणि ती ओढ मागच्या, सांध्याकडच्या बाजूला दाबात बदलते. म्हणजे बेतानं, सांगितलं तेवढं वाकवलं तर तुकडे एकमेकांवर दाबले जातात. हे ऑपरेशन करतातच मुळी गुडघा लवकर हलवता यावा म्हणून. नुसतं हाड जुळवायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला? हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ती मुलगी (वय असेल पंचवीस, पण धाक माझ्या सासूबाईंएवढा) ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी खोलीत हजर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली, ती दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. मग पाय सरळ उचलणं. पहिल्या दिवशी एक इंच उचलला तर मी रडले. चालताना लांब ब्रेस, पाय सरळ लॉक केलेला, हातात वॉकर, पण पायावर वजन टाकायचं. टाके निघाले तेव्हा ३० अंश वाकत होता. मग ती आठवड्यातून चार दिवस घरी यायची, सोबत प्लास्टिकचा कोनमापक. माझ्या मुलीच्या कंपासपेटीतला असतो त्याचा मोठा भाऊ. पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा आणि दुसऱ्या पायानं मागे ढकलायचा. दात-ओठ खाऊन. सहाव्या आठवड्यात ९०, तिसऱ्या महिन्यात १२०. आज १२८ आहे. मांडी अजून डाव्या मांडीपेक्षा तीन सेंटीमीटर बारीक, गुडघ्यावर टेकलं की तारेचं टोक टोचतं, जिना उतरताना कठडा लागतो. पण मी ऑफिसला जाते, बसमध्ये चढते, चालते.

ऑपरेशनचं बिल १ लाख ४० हजार, बहुतेक विम्यानं दिलं. घरच्या फिजिओचे ४२ दिवस, दिवसाला ५००, म्हणजे २१ हजार. ते मात्र विमा कंपनीनं नामंजूर केले. माझ्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरलेले आहेत, पण "घरी घेतलेली सेवा" म्हणून फाइल परत. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कंपनीवाल्यांचेही तेच अनुभव कानावर आहेत. भांडत बसले असते, पण २१ हजार गेले तर माझं घर थांबत नाही. हे म्हणता येणं हीच मोठी गोष्ट आहे, हे मला फेब्रुवारीत कळलं.

आमच्या सोसायटीत बी विंगला कामाला येणाऱ्या एक मावशी आहेत. वयानं माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहानच, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. चार घरची धुणंभांडी आणि फरशी. बरेच दिवस दिसल्या नव्हत्या. फेब्रुवारीत एका सकाळी मी काठी घेऊन खाली उतरले तर त्या वॉचमनच्या खुर्चीत बसलेल्या, उजवा पाय समोर काठीसारखा ताठ.

माझ्या ब्रेसकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमची पण वाटीच का?"

ओल्या जिन्यावरून पडल्या होत्या. नोव्हेंबरातच, माझ्यानंतर नऊ दिवसांनी. सरकारी रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही. मी त्यांना वर घरी घेऊन आले. म्हणजे दोघी लिफ्टनं आलो, दोघी लंगडत. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत एक्सरे होता. मी माझा काढला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला धरले.

सारखेच. दोन सळया, आठच्या आकड्याची तार, मधली रेघ जवळपास पुसलेली. माझ्या मुलीला विचारलं यातला माझा कुठला, तिनं चुकीचा दाखवला. लाखभर रुपये मोजून मला जे मिळालं तेच त्यांना फुकट मिळालं होतं, आणि काम तितकंच सुबक. सरकारी दवाखान्यांना येताजाता शिव्या घालणाऱ्यांनी हे वाचावं.

मग त्यांनी विचारलं, "ताई, तुमचा वाकतो?"

त्यांचा ४५ अंश वाकत होता. तीन महिन्यांनंतर.

झालं असं की डिस्चार्जच्या वेळी वॉर्डात कोणीतरी सांगितलं, पट्टा काढायचा नाही, जपायचं. शेजारणीनं सांगितलं, वाकवू नकोस, तार तुटेल. गावाहून आलेल्या आत्यानं तेल आणलं, पण पाय हलवू दिला नाही. म्हणून त्यांनी तो तीन महिने प्राणपणानं सरळ ठेवला. आळस केला असं नव्हे, उलट फार निष्ठेनं चुकीची गोष्ट केली. डिस्चार्ज कार्ड मी वाचलं. त्यावर योग्य तेच लिहिलं होतं. स्टॅटिक क्वाड्स, एसएलआर, आरओएम ॲज टॉलरेटेड, फिजिओ फॉलोअप. डॉक्टरांच्या अक्षरात, इंग्रजीत. मावशी सातवी शिकलेल्या आहेत. कार्ड त्यांनी चार महिने जपून ठेवलंय, घडीवर चुरगळूसुद्धा दिलं नाही. त्यात काय लिहिलंय हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

फिजिओला त्या दोनदा गेल्याही. विभाग सकाळचा, रिक्षा जायचे दीडशे यायचे दीडशे, कारण ताठ पायानं बसमध्ये चढता येत नाही. सोबत मुलगी हवी, तिचा कॉलेजचा दिवस बुडतो. तिथे दोन फिजिओ आणि बाकांवर पॅरालिसिसचे, मणक्याचे, हाडाचे सगळे पेशंट. दहा मिनिटं मिळाली. तिसऱ्यांदा त्या गेल्या नाहीत. अशा वेळी "लोक फॉलोअपलाच येत नाहीत" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आठवड्यातून तीनदा तीनशे रुपये, तेही कमाई बंद असताना, कोण येईल?

आता योजनेकडे बघू. ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, नंतर राज्यभर पोचली आणि २०१७ मध्ये फुल्यांच्या नावानं आली. पुढे कुटुंबामागं वर्षाचं संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं. मी या योजनेची टीकाकार नाही, उलट मोठी समर्थक आहे. पॅकेजमध्ये खाटेचं भाडं, भूल, इम्प्लांट, औषधं, जेवण, इतकंच काय घरी परत जायचं एसटीचं भाडंसुद्धा धरलेलं आहे. ज्यानं कोणी हे लिहिलं त्याला गरीब माणूस माहीत होता. पण पॅकेजमधला पाठपुरावा डिस्चार्जनंतर १० दिवसांचा. केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये १५ दिवसांचा खर्च धरतात. गुडघ्याचे टाकेच निघायला साधारण बारा-चौदा दिवस लागतात हो! हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, गुडघा कामाचा व्हायला तीन ते सहा महिने. म्हणजे खरी लढाई सुरू व्हायच्या आधी योजना घरी परतलेली असते.

ज्यांनी योजना आखली त्यांच्या डोक्यात आजारपण म्हणजे दवाखान्यातली खाट. मोतीबिंदूला ते चालतं, अपेंडिक्सलाही चालतं. पण सांध्याजवळचं हाड तुटलं की ऑपरेशन हा उपचाराचा निम्मा भाग, आणि उरलेला निम्मा घरी, पलंगाच्या कडेवर होतो. पहिल्या निम्म्याला सरकार हजारो रुपये देतं, दुसऱ्या निम्म्याला शून्य. मग पहिल्या निम्म्याचेही पैसे वाया जातात. घर बांधून जिना न बांधण्यातला प्रकार.

१८७७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये जोसेफ लिस्टर यांनी तुटलेली वाटी उघडून चांदीच्या तारेनं जोडली होती. जखम चिघळून माणसं मरायची त्या काळात बंद गुडघा उघडणं म्हणजे केवढं धाडस! त्याच्या आधी पाय सरळ बांधायचा आणि नशिबावर सोडायचा. मावशींच्या वाट्याला ऑपरेशन आलं २०२५ चं आणि नंतरची काळजी आली लिस्टरच्या आधीची.

"४५ अंश म्हणजे चालता तर येतं ना?" असं आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी विचारलं, म्हणून सांगते. सपाट रस्त्यावर नीट चालायला साधारण ६०-७० अंश लागतात. जिन्याला ९० च्या आसपास. खुर्चीतून उठायला त्याहून थोडे जास्त. आणि उकिडवं बसायला १३० च्या पुढे. परदेशी तक्त्यांत १२० आला की चांगला निकाल मानतात, कारण तिथलं जगणं खुर्चीवरचं. आपल्याकडं फरशी पुसायची तर उकिडवं, भांडी घासायची तर मोरीत उकिडवं, चाळीतलं सार्वजनिक शौचालय तर विचारूच नका. मी १२८ वर खूश आहे, कारण माझ्याकडे कमोड आहे आणि माझं काम टेबलावरचं. मावशींना माझ्यापेक्षा जास्त गुडघा लागतो आणि मिळालाय निम्म्याहून कमी. शौचालयाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की पहिले दोन महिने त्या दुपारनंतर पाणी प्यायच्या नाहीत.

चारपैकी चारही घरं सुटली. लोक वाईट होते असं नाही. एकीनं महिन्याचा पगार दिला, दुसरीनं वॉकर दिला. पण धुणंभांडी तीन महिने कोण थांबवून ठेवतो? माझा पगार रजेवर चालू होता, नंतर महिनाभर घरून काम. कारखान्यातल्या ईएसआयवाल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो. घरकाम करणारीला काही नाही. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आपल्याकडे २००८ पासून आहे. मावशींना तो माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हता. पंधरा वर्षं घरात बाई कामाला आहे माझ्या.

काय करता येईल? माझ्या मते फार मोठं काही नको. अस्थिभंगाच्या प्रत्येक पॅकेजला फिजिओचे वीस-पंचवीस दिवस जोडा, आणि ते जवळच्या कुठल्याही नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडे घेता येऊ द्या. फिजिओ म्हणजे मालिशवाले नव्हेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं त्यांना आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. तालुक्याच्या गावांतही आता तरुण मुलंमुली दवाखाने थाटून बसलीत. हॉस्पिटलच्या पैशातला थोडा भाग सहा आठवड्यांनी गुडघा किती वाकतो याची नोंद आल्यावरच द्या. आज हॉस्पिटलला एक्सरे दाखवला की पैसे मिळतात, गुडघा दाखवावा लागत नाही. आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर मराठीत, चित्रांसकट एक पान द्या. एक पान! मतदान कसं करायचं याची चित्रं घरोघर पोचवणाऱ्या राज्याला हे जमणार नाही?

पैसे कुठून येणार, असं विचारलं जाईल. आखडलेला गुडघा सोडवायला भूल देऊन वाकवावा लागतो, कधी आत साचलेले पापुद्रे ऑपरेशन करून सोडवावे लागतात. तो खर्च पुन्हा योजनेवरच येतो, आणि त्यानंतरही फिजिओ लागतोच. शिवाय जी बाई महिन्याला बारा हजार कमावत होती ती शून्यावर आली, मुलगी कॉलेज सोडायच्या गोष्टी करते, हे कुठल्या खात्याच्या हिशोबात धरायचं?

सर्जनना मी दोष देत नाही. सरकारी ओपीडीत एका डॉक्टरसमोरची रांग मी बघितली आहे, ते मराठीत चित्रं काढत बसणार नाहीत. पण "वाकवायचं, घाबरू नका, तार त्यासाठीच घातलीय" हे एक वाक्य वॉर्डातून निघताना कोणीतरी म्हणायला हवं होतं. नर्स, वॉर्डबॉय, योजनेच्या टेबलावरचे आरोग्यमित्र, कोणीही. आरोग्यमित्र कागदपत्रं तपासायला हमखास असतात, त्यांनाच हे शिकवा.

एक खुलासा. मी डॉक्टर नाही, अकाउंट्सवाली आहे. प्रत्येकाची वाटी वेगळी तुटते, चुरा झालेल्या वाटीला जास्त दिवस सरळ ठेवावं लागतं. तेव्हा ही पोस्ट वाचून कोणी आपल्या मनानं पाय वाकवायला जाऊ नका. घरात, नात्यात, सोसायटीत कोणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर टाके निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, कुठल्या दिवसापासून, किती अंशांपर्यंत, आणि कोणाकडून. उत्तर मराठीत कागदावर लिहून घ्या. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं झालं असेल तर तुम्ही सोबत जाऊन विचारा. ताठ साडीतली बाई विचारते तेव्हा उत्तर मिळतं, हेही आपल्याकडचं सत्य आहे.

मावशी आता आठवड्यातून तीन संध्याकाळी माझ्याकडे येतात. आमची फिजिओ अर्ध्या फीत करते, ती अर्धी आम्ही बी विंगमधल्या तिघी मिळून देतो. उशीर झालाय, असं तिनं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. मेअखेरपर्यंत ९० झाला नाही तर भूल देऊन वाकवायचा विचार करावा लागेल, असं सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचंही म्हणणं. मावशी ओरडत नाहीत, पदर दातात धरतात. मागच्या आठवड्यात एका घरी पोळ्यांचं काम मिळालं, उभ्यानं करता येतं म्हणून. काल कोनमापक ७४ वर होता. त्यांनी तो आकडा मुलीला सांगायला माझ्याच फोनवरून फोन लावला.